कुरवाची चोरी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल प्रांतांत सेंट आयव्हज नांवाचें बंदर आहे. तेथें उपाहारगृहाबाहेरच्या मेजावर किंवा बंदराच्या कठड्यावर बसून तळलेली मासळी खाणाऱ्या प्रवाशाच्या हातांतला घास कुरव पक्षी मागून झडप घालून नेतो. प्रवासी ओरडतो, ‘चोर!’ हा शब्द न्यायाचा आहे काय, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

चोरीस दोन गोष्टी लागतात: वस्तु दुसऱ्याची आहे हें ज्ञान, आणि तें असूनहि ती घेण्याची इच्छा. पक्ष्यास पहिलीच ठाऊक नाहीं. त्याच्या लेखीं लाटेनें टाकलेला खेकडा आणि मेजावरचा पाव यांत भेद तो कोणता? शिवाय ही संवय लाविली कोणी? मौजेखातर तुकडे फेकणारा हात माणसाचाच. मुंबईहून घारापुरीस जातांना बोटीवरून हिवाळी पाहुण्या कुरवांस शेव-गांठिया उधळणारे आम्हीहि त्याच पंक्तींतले. आम्ही देतों तोंवर पक्षी सुंदर. तो आपण होऊन घेऊं लागला कीं चोर!

मग त्यास लुटूं द्यावें काय? तसेंहि नव्हे, झडपेंत लहान मुलाचें बोट फाटूं शकतें. पण ‘गोळी घाला’ म्हणणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, ब्रिटनमध्यें १९८१ च्या कायद्यानें या पक्ष्यास व त्याच्या घरट्यास संरक्षण आहे. छपरांवर गर्दी दिसत असली, तरी तेथील हेरिंग जातीचा कुरव संख्या घटल्यामुळें २००९ पासून चिंताजनक पक्ष्यांच्या तांबड्या यादींत आहे.

उपाय त्याहून साधा आहे. २०१९ सालीं एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं कॉर्नवॉलमध्यें बटाट्याच्या तळलेल्या फोडींची पिशवी ठेवून पाहिलें. माणूस रोखून पाहत असला, तर तिच्याजवळ येण्यास कुरवांस सरासरी २१ सेकंद अधिक लागत. कित्येक तर जवळ आलेच नाहींत. म्हणजे ज्यास स्वामित्व कळत नाहीं, त्यास नजर मात्र कळते. आणि घास जातो तो बहुधा आपले लक्ष दुसरीकडे असतांना.

मर्यादा राखण्याचें काम ज्यास ती कळते त्याचें. अन्न झाकावें, पाठ भिंतीस लावून बसावें, पक्ष्याकडे पाहावें, आणि मौजेचा तुकडा फेकूं नये. इतकें करूनहि घास गेलाच, तर ती हानि सोसावी. सूड घेऊं नये. त्या मेजाभोंवतीं गुन्हा करूं शकणारा प्राणी एकच आहे, आणि त्यास पंख नाहींत.