झोळीत टाकलेलं परत काढू नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी करजगीला बैठक झाली. आरतीनंतर एक गुरुबंधू बोलायला उभे राहिले. नाव आम्ही लिहीत नाही, पण ही गोष्ट सगळ्या घरांत पोचवा असं त्यांनीच सांगितलंय.

ते म्हणाले, "सद्गुरूंपुढं दारू सोडली त्याला अकरा महिने झाले. एक थेंब घेतला नाही. पण कडब्याच्या गंजीत एक बाटली ठेवली होती. पाहुणे आले तर असावी म्हणून. काल ती ओतून टाकली. माझं सोडणं आजपासून मोजा."

मागं बायकांत बसलेल्या वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "मला ठाऊक होतं. रोज रात्री सगळे झोपले की गंजीपाशी जायची, झाकणाचं सील बघायची, मगच अंथरुणावर पडायची."

बघा बरं! घरात अकरा महिने दारू नव्हती, तरी त्या माउलीला झोप नव्हती. दारू गंजीतच होती ना!

अशी एक बाटली आपल्यातल्या पुष्कळांची कुठं ना कुठं असतेच. कुणाची जत्रेपुरती, कुणाची साडूच्या पोराच्या लग्नापुरती. कुणी म्हणतं, "बिअर म्हणजे काय दारू आहे व्हय?" सोडलंय म्हणायचं आणि दाराला फट ठेवायची. सबंध घर मग त्या फटीकडं डोळे लावून बसतं.

गाणगापूर तर आपल्याच अफजलपूर तालुक्यात. आपण सगळे तिथं पाच घरं माधुकरी मागतो. वाढणारी बाई भाकरीचा तुकडा झोळीत टाकते, तो परत मागते का? दिलं ते दिलं. इलकलचे महंत शिवयोगी स्वामीजी असेच झोळी घेऊन गावोगाव फिरले. पण त्यांनी पीठ मागितलं नाही, पैसा मागितला नाही. "तुमचं व्यसन या झोळीत टाका," एवढंच मागितलं. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटकात व्यसनमुक्तीचा दिवस म्हणून पाळतात. सद्गुरूंपुढं आपण जे सोडतो ते अशाच झोळीत पडतं. अर्धं टाकलं आणि अर्धं मुठीत ठेवलं, तर मूठ उघडलीच नाही म्हणायचं.

सरकारनं बंद केलं म्हणून हे सुटत नाही. २००७ साली कर्नाटकात सारायी बंद झाली. दुकानातली पाकिटं गेली, पण ज्याला प्यायचीच होती त्यानं दुसरी बाटली धरली. मूठ ज्याची त्यानंच उघडायची असते.

कुणी विचारेल, "महाराज, मी सोडली आणि परत प्यालो. माझं संपलं का?" नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांना आधार द्यायला बसले. त्यातला एक डॉक्टर होता. काही दिवस त्यानं सोडली, मग परगावी गेला आणि परत प्याला. परत आल्यावर १० जूनला त्यानं शेवटचा घोट घेतला, पुन्हा कधी नाही. आज जगभर चाललेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचा स्थापना दिवस तोच धरतात. म्हणजे पडला म्हणून कुणी टाकला जात नाही. पडणं वेगळं, आणि पडायला जागा राखून ठेवणं वेगळं. पडलात तर त्याच दिवशी येऊन सांगा. लपवलंत की गंजीत बाटली गेलीच म्हणून समजा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जो रोज भरपूर पितो त्यानं शपथ घेऊन घरीच एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, नाही ते दिसायला लागतं, फिट येते. ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा, औषध घ्या. औषध घेतलं म्हणून गुरूवरचा विश्वास कमी होत नाही. १४४४६ हा सरकारचा मोफत फोन आहे, त्यावरही विचारता येतं.

या गुरुवारी आरतीआधी एवढं करू या. ज्यानं जिथं ठेवली असेल तिथून ती काढावी आणि ओतावी. दुसऱ्याला देऊ नये, विकू नये. मग घरातल्या एका माणसाला खरं सांगावं. पाहुण्यांसाठीसुद्धा घरात आणू नये, पाहुण्याला चहा पुरतो. घरच्यांनीही जुन्या गोष्टी काढून टोमणे मारू नयेत. आणि आमच्या ताई-वहिनींनो, तुम्ही एकट्या रात्री सील बघत बसू नका. एखाद्या गुरुभगिनीपाशी मन मोकळं करा.

जन्मभराचं ओझं आज उचलायचं नाही. आजच्या दिवसाचं पुरतं टाकायचं, उद्या परत टाकायचं.

त्या वहिनी काल फोनवर म्हणाल्या, "सात दिवस झाले, गंजीकडं गेले नाही." आम्हांला तर गुरुकृपा यातच दिसली.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥