संचालकाच्या घराचा पत्ता

मार्क झुकेरबर्ग यांनी जुलै 2023 मध्ये आपल्याच कंपनीच्या इन्स्टाग्रामवर कुटुंबाचा फोटो टाकला, तो दोन थोरल्या मुलींचे चेहरे इमोजीने झाकून. लोकांची पोरे ज्या माध्यमावर उघडी पडतात तिथे स्वतःची तेवढी झाकली, अशी टीका झाली. ती रास्तच होती. पण चेहरे झाकण्यात चूक काही नव्हती. ती काळजी प्रत्येक मुलाच्या वाट्याला यायला हवी.

उद्योजकांच्या कुटुंबांबद्दल बोलताना आपण पैसा आणि घर यांची गल्लत करतो. सूचिबद्ध कंपनीच्या प्रवर्तक समूहात पती-पत्नी, आईवडील, भावंडे, मुले धरली जातात आणि त्यांचे समभाग दर तिमाहीला जाहीर होतात. ते व्हायलाच हवेत, नाहीतर बायकोच्या नावाआड व्यवहार लपवणे सोपे होईल. मुलगी कोणत्या शाळेत जाते, आई कोणत्या बागेत फिरते, हे कळून मात्र एकाही भागधारकाचे भले होत नाही. पाळत ठेवणाऱ्याचे होते.

बड्या घरांच्या दाराशी निदान पहारा असतो. मला जास्त काळजी वाटते ती भोसरीतल्या किंवा इचलकरंजीतल्या छोट्या कारखानदाराची. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात. दुसरे नाव बहुतेक वेळा बायकोचे किंवा आईचे असते. नेमणुकीच्या कागदांत त्यांचा राहता पत्ता लिहावा लागतो, आणि कंपनी निबंधकाकडे दाखल झालेले कागद 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 399 नुसार शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. कामगाराशी वाद झाला, घेणेकरी चिडला, तर तो गेटवर न येता थेट घरी पोहोचू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा विदा संरक्षण कायदाही आला. पण कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, आणि माणसाने स्वतःहून जाहीर केलेलीही. म्हणजे निबंधकाकडचा पत्ता सुटला आणि आपणच टाकलेला मुलाचा गणवेशातला फोटोही सुटला. फोटोचे आपल्या हातात आहे, पत्त्याचे नाही.

ब्रिटनने ऑक्टोबर 2009 पासून संचालकांना पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता देण्याची मुभा दिली. राहता पत्ता सर्वसामान्यांसाठी खुला राहत नाही. तिथली कंपन्यांची पारदर्शकता त्याने बुडाली नाही. आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेही एवढे करावे: राहता पत्ता निबंधक, पोलीस आणि न्यायालय यांच्यापुरता ठेवावा, बाकीच्यांना कार्यालयाचा द्यावा.