सलग ओतकाम आणि वस्तूचे एकत्व

सलग ओतकामात वितळलेला धातू वेगवेगळ्या साच्यांत भरला जात नाही. तळ नसलेल्या एकाच साच्यातून तो अखंड खाली उतरतो आणि उतरता उतरता गोठतो. त्यामुळे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न इथे अधिक टोकदार होतो : वस्तूचे एकत्व तिचे स्वतःचे असते, की मोजणाऱ्याने तिला दिलेले?

पोलादाचा रस लॅडल या वाहून आणणाऱ्या पात्रातून टंडिश या मधल्या पात्रात येतो आणि तिथून पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात पडतो. सुरुवातीला साच्याचे तोंड खालून डमी बार या तात्पुरत्या दांड्याने बंद केलेले असते. पहिला रस या बारला धरून गोठतो, आणि बार खाली ओढला की त्याच्यामागून स्ट्रँड, म्हणजे गोठत जाणारी पोलादाची अखंड लड, बाहेर येऊ लागतो. साच्यातून निघताना त्याचे जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे कवच घट्ट झालेले असते. आत रसच असतो. पाण्याच्या फवाऱ्यांखाली गाभा गोठत जातो आणि शेवटी गॅसकटर ठरलेल्या लांबीचे तुकडे, म्हणजे बिलेट, कापतो. कवच साच्याला चिकटू नये म्हणून साचा वरखाली हलवण्याची युक्ती झिगफ्रीड युंगहान्स यांनी १९३०च्या दशकात पुढे आणली. पोलादासाठी ही पद्धत १९५०नंतर रुळली.

आता एकत्वाच्या प्रश्नाकडे येऊ. न्याय-वैशेषिकांच्या मते घडलेली वस्तू ही अवयवांहून वेगळा, नव्याने उपजलेला अवयवी (अवयवांनी बनलेले पूर्ण) असते. एकत्व वस्तूतच राहते. दोनपासून पुढच्या संख्या मात्र मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे अनेक वस्तू एकत्र धरून मोजणाऱ्या बुद्धीतून, येतात. या हिशेबाने स्ट्रँड एक आहे आणि तो कापला की जुना अवयवी नष्ट होऊन नवे उपजतात. अडचण कापण्याआधीच येते. अवयवांत भर पडली की जुना अवयवी जाऊन नवा येतो, हेही याच मताचे म्हणणे आहे. स्ट्रँडला वरच्या टोकाशी सतत नवा रस जोडला जात असतो, म्हणून तोच स्ट्रँड दोन क्षणही टिकत नाही. स्थिर द्रव्य मानणारे दर्शन असे क्षणिकवादाच्या दारात येऊन उभे राहते.

बौद्ध क्षणिकवादाला ही अडचण वाटत नाही. त्याच्या मते टिकणारी वस्तू नसतेच, कारणाने कारणाला जोडलेला संतान (प्रवाह) तेवढा असतो. स्ट्रँड 'एक' म्हणणे हा व्यवहार. पण बिलेटमधली भेग त्याच बिलेटचे नुकसान करते, शेजारच्याचे नाही. कापण्याने पडलेला हा भेद केवळ नावापुरता नाही, आणि तो कशावर उभा आहे याचे उत्तर संतानाच्या कल्पनेत सहज सापडत नाही.

अद्वैताला आकारापेक्षा उपादान, म्हणजे वस्तू ज्यापासून घडते ते द्रव्य, खरे वाटते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला माती, सोने आणि लोखंडाच्या उदाहरणांनी हेच सांगतो. ओतशाळेच्या नोंदवहीतही तशी सोय असते : एका भट्टीच्या रसाला एक हीट क्रमांक मिळतो आणि तो त्यातून निघालेल्या सगळ्या बिलेटवर जातो. मात्र ओतकाम न थांबवता दुसरे लॅडल लावले की टंडिशमध्ये दोन हीटचे रस मिसळतात. दोन्हींचे रासायनिक प्रमाण वेगळे असेल, तर मधल्या लांबीतले पोलाद धड पहिल्याचे नसते, धड दुसऱ्याचे नसते. तो भाग वेगळा काढून हलक्या दर्जात धरावा लागतो. म्हणजे उपादानाचे एकत्वही आपोआप मिळत नाही. त्याची हद्द ठरवावी लागते.

जैन दर्शन सत् वस्तूत उत्पाद (उपजणे), व्यय (नष्ट होणे) आणि ध्रौव्य (टिकून राहणे) तिन्ही एकत्र मानते. समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'त सोन्याचा घट मोडून मुकुट केला जातो. घट हवा असलेल्याला दुःख होते, मुकुट हवा असलेल्याला आनंद, आणि सोनेच हवे असलेला तटस्थ राहतो. सलग ओतकामाला ही मांडणी सर्वांत जवळची आहे. कापताना स्ट्रँडचा व्यय आणि बिलेटचा उत्पाद एकाच क्षणी होतो, पोलाद मात्र ध्रुव राहते. बिलेट मोजणाऱ्याला कापाची हद्द लागते, दर्जा तपासणाऱ्याला हीटची. दोन्ही हद्दी माणसाने आखलेल्या असल्या तरी मनमानी नाहीत, कारण एकीमागे प्रत्यक्ष विभाग आहे आणि दुसरीमागे प्रत्यक्ष मिश्रण. एकत्वाला त्यामुळे वस्तूतला आधार असतो. कोणते एकत्व धरायचे, हे मात्र विचारणाऱ्याच्या प्रयोजनावर ठरते.