कोरी पाटी आणि ओली भिंत

घराची किंमत ठरवायला माणूस येणार असेल, तर तुम्ही घर आवरून ठेवाल ना? विकायचं असेल तर नक्कीच. पण किंमत जितकी कमी ठरेल तितकं तुमच्या सोयीचं, अशी वेळ आली तर?

इथे न्यूनेनमध्ये आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबावर ती आली. धंदा बुडाला आणि ते न्यायालयामार्फत होणाऱ्या कर्जफेडीच्या व्यवस्थेत गेले. नेदरलँड्समध्ये हा कायदा डिसेंबर १९९८ पासून आहे. जगण्यापुरती रक्कम आपल्याकडे ठेवायची, बाकी धनकोंना द्यायची. मुदत पूर्वी साधारण तीन वर्षं होती, जुलै २०२३ पासून दीड. सगळं प्रामाणिकपणे सांगितलं-पाळलं, तर उरलेलं कर्ज पुढे वसूल करता येत नाही. डच भाषेत याला 'स्खोने लेई' म्हणतात, म्हणजे चक्क आपली कोरी पाटी!

अडचण घराची. गृहकर्जापेक्षा त्याची किंमत जास्त निघाली, तर ते बहुधा विकावं लागतं. मित्राने विचारलं, "न्हाणीघरामागची ओली भिंत मी दाखवणारच. पण माळ्याला आतून इन्सुलेशन घातलंय, ते दिसत नाही. त्यांनी विचारलं नाही तर गप्प बसू?"

माझं पहिलं उत्तर होतं, बस. समोर मोठी बँक आहे, तिचं काय बिघडतं? पण धनकोंच्या यादीत बँकेबरोबर एक फरशी बसवणारा कारागीरही होता. लपवलेल्या रकमेतला वाटा त्याचाही.

आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावं. तरीही १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. एक कारण हेही, की कागदावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. कर्ज माफ व्हायचं, तर आधी आकडा दोन्ही बाजूंना खरा वाटावा लागतो. आपल्याला माफी हवी आणि आकडा मात्र आपल्या सोयीचा हवा, हे जमत नाही.

आकडा चुकू शकतो, हे या गावाला कोणी सांगायला नको. व्हॅन गॉग १८८५ मध्ये न्यूनेन सोडून गेला, तेव्हा मागे राहिलेली त्याची बरीच चित्रं पुढे ब्रेडाच्या एका भंगारवाल्याकडे कवडीमोलाने गेली. पण ती किंमत चुकीची होती, खोटी नव्हती. विकणाऱ्याला जे दिसत होतं, त्यातलं त्याने काही दडवलं नव्हतं.

मित्राने भिंत दाखवली आणि माळाही. घर विकलं गेलं. माळ्यामुळे किती फरक पडला, कोण जाणे. ते आता आइंडहोव्हनला भाड्याने राहतात.

मला मात्र एक गोष्ट सलते. खरं बोल, हा सल्ला देताना माझं काहीच पणाला लागलं नव्हतं. आपलं स्वतःचं घर असतं, तर तुम्ही-मी माळ्याची शिडी खाली सोडली असती का?