पुन्हा जन्मण्याचे शब्द

युरोपातल्या रेनेसान्सला मराठीत प्रबोधन म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ पुनर्जन्म; आपल्याला मात्र जागं होण्याचा शब्द जवळचा वाटला. फरक लहान नाही. जो जागा होतो तो आधी निजलेला असतो, मेलेला नसतो. कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला विष्णू चार महिन्यांची निद्रा सोडून उठतो, तेव्हा तो निजण्यापूर्वी होता तोच असतो. केशव सीताराम ठाकरे यांनी 1921 मध्ये आपल्या नियतकालिकाला ‘प्रबोधन’ हे नाव दिलं. त्या नावात मला लोकांवरचा विश्वास दिसतो: माणसं जिवंत आहेत, हाक मारली की उठतील.

पुनरुज्जीवन हा शब्द याहून अवघड. नदीचं, लोककलेचं, बंद पडलेल्या गिरणीचं, संस्कृतीचं, सगळ्यांचंच आपण पुनरुज्जीवन करू पाहतो. गेलेलं जसंच्या तसं परत आणता येतं, असं त्यात धरून चाललेलं असतं. न्यायमूर्ती रानडे यांनी 1897 साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत नेमकं इथेच बोट ठेवलं. सुधारणा नको, जुन्याचं पुनरुज्जीवन हवं, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, जुनं म्हणजे कोणत्या काळातलं? मग एकेक चाल नाव घेऊन पुढे ठेवली: पळवून नेऊन केलेला विवाह, नियोग, यज्ञातली पशुहत्या, सती. यातलं काय परत आणायचं? जिवंत समाजात मेलेलं पुन्हा उठत नाही, जुन्याचं नवं रूप घडवावं लागतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते भाषण इंग्रजीत झालं. पण ‘पुनरुज्जीवन’ लिहिताना मला दर वेळी ते आठवतं आणि हात थबकतो.

शेतकऱ्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे. ऊस तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांतून जे पीक येतं तो खोडवा, आणि खोडव्यानंतरचा निडवा. मूळ लागण जुनीच, ऊस नवा. पण नुसती वाट पाहून तो येत नाही. तोडणीनंतर उरलेले बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात. वर राहिलेल्या कांड्यांवरचे डोळे फुटले तर फुटवा अशक्त निघतो. जोमाचा फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून येतो. परंपरा जपण्याविषयी आपण तासन्‌तास बोलतो. बुडखा कुठे छाटायचा, हे त्या बोलण्यात क्वचितच येतं, आणि मला तर तोच खरा प्रश्न वाटतो.

राहिला पुनर्जन्म. बायकांच्या बोलण्यात तो मेल्यानंतरचा नसतोच. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असं घराघरांत म्हटलं जातं. मरण उंबऱ्यापर्यंत येऊन गेल्याची आठवण त्या शब्दात आहे. वेदान्ताच्या कुठल्याही चर्चेपेक्षा मला ती खरी वाटते.

संस्कृतात दोनदा जन्मणाऱ्याला द्विज म्हणतात. पक्षी द्विज, कारण आधी अंडं आणि मग पिल्लू. दातही द्विज, कारण तो पडून पुन्हा येतो. अंड्याला आणि दाताला सहज मिळालेला हा दुसरा जन्म माणसांत मात्र मुंजीने मिळायचा, आणि तो तीन वर्णांच्या पुरुषांपुरता राखून ठेवलेला होता. बाकीच्यांना जन्म एकच, आणि तोही जातीने आधीच ठरलेला.

येवल्याला 1935 साली बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की, हिंदू म्हणून जन्मणं आपल्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा त्यांनी मरण हाती घेतलं होतं. जन्म हाती यायला एकवीस वर्षं लागली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एकविसावी आपला नवा जन्म होत असल्याची आहे. एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा त्यांना मान्य नव्हता. म्हणजे हा जन्म याच देहात, याच आयुष्यात, आपल्याच तोंडाने उच्चारून घ्यायचा. त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत उभं राहून लाखो माणसांनी तो घेतला. त्यांत बायाही होत्या.