खुराक आणि वस्ताद

पैलवान घडवायला काय लागतं, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दूध, तूप, बदाम हवेतच. पण गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत भल्या पहाटे हौद्याच्या काठावर उभा राहून पोराचा पाय कुठं पडतोय, मान कुठं ढिली राहतेय हे बघणारा वस्ताद नसेल, तर त्या खुराकानं नुसतं वजन वाढतं. शाहू महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दरबारातून खुराक दिला, तालमींना आधार दिला, वस्तादांना मान दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान पुरं करून लढायला जागाही दिली.

पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला कामावर घ्या, पगाराचा काही भार सरकार उचलेल, अशा योजना वाचताना मला ही तालीम आठवते. खुराकाची सोय झाली आहे. वस्तादाचा विचार मात्र कुठल्याच कागदावर दिसत नाही.

कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीनं खडी फोडणाऱ्या हातांना काम दिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, सुशिक्षित बेकारांसाठी रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम आला. आस्थापनेत जाऊन काम शिकायचं आणि विद्यावेतन सरकारनं द्यायचं. पन्नास वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, तोच विचार मोठा होऊन मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना झाला. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने होती, ती पुढे अकरा झाली. केंद्राची विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. तिच्यात वाढीव माणूस घेणाऱ्या मालकाला माणसामागं दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळतात; दोन वर्षं, आणि उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला एका महिन्याचं वेतन, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळतं.

राज्याच्या योजनेत पैसे थेट मुलाच्या खात्यात जातात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पदवीनंतर दोन-तीन वर्षं घरात बसलेल्या मुलाला येणारा जाणारा प्रत्येकजण ‘काय, लागलं का कुठं?’ असं विचारतो. अशा मुलाच्या मोबाइलवर त्याच्या स्वतःच्या कामाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून हे पैसे वाया गेले असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं एखादं शॉप डोळ्यांसमोर आणा. दोन लेथ, एक जुनं मिलिंग, कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी, आणि सात-आठ माणसं. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, इथं मशिनिंग होतं आणि माल पुण्याकडं जातो. तिथं नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा येतो. त्याला ड्रॉइंग वाचता येतं, ०.०२ मिलिमीटरची टॉलरन्स म्हणजे काय हेही कळतं. पण मायक्रोमीटर फिरवताना नेमकं कुठं थांबायचं, हे अजून त्याच्या बोटांना कळलेलं नसतं. टूल बोथट झालं की मशीनचा आवाज बदलतो. मिस्त्रीला तो पाठ फिरवून उभा असतानाही कळतो, मुलाला समोर उभं राहून कळत नाही. कास्टिंगमध्ये भोक निघालं तर वाळूत ओल जास्त होती की आणखी कुठं काय चुकलं, हे ओळखायला शेकडो वाया गेलेले जॉब हाताखालून जावे लागतात. बी.कॉम. झालेल्या मुलीचंही तेच. टॅली येत असतं, पण जॉबवर्कचं चलन, परत आलेला रिजेक्शनचा माल आणि जीएसटीचं रिटर्न यांचा मेळ घालायला कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

हे दाखवणारा माणूस त्या वेळात स्वतःचं काम करत नसतो, आणि शॉपचा हिशेब तर मशीनच्या तासावर चालतो. मिस्त्रीनं रोज दोन तास मुलाला दिले तर ते दोन तास मालकाच्या खिशातून जातात, आणि मुलाच्या हातून बिघडलेला जॉबही. सरकार मुलाचं विद्यावेतन देतं, मालकाला प्रोत्साहन देतं. ज्याच्या वेळेतून मुलगा घडतो त्याला काहीच देत नाही. मग मालक साहजिकच सोपा मार्ग धरतो. मुलाला डिस्पॅचला बसवतो, बँकेत पाठवतो, खोकी मोजायला लावतो. यात लबाडी असतेच असं नाही. शिकवणं परवडत नाही, इतकंच. अकरा महिने सरतात, आणि मुलाकडं अनुभवाचं प्रमाणपत्र असतं, हात मात्र तसाच कोरा.

जर्मनीत ‘माइस्टर’, म्हणजे वस्ताद कारागीर, व्हायची परीक्षा चार भागांत असते. त्यातला चौथा भाग शिकाऊ मुलांना शिकवायचं कसं, यावर असतो. म्हणजे कारागिरी वेगळी आणि कारागिरी पुढच्याच्या हातात देणं वेगळं, हे तिथल्या व्यवस्थेनं कायद्यात लिहून ठेवलं आहे. आपणही खेळात हे मानलं. १९८५ पासून प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देतो. कारखान्यातल्या मिस्त्रीपर्यंत ती जाणीव अजून पोचलेली नाही.

दुसरी अडचण उंबऱ्याची. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेला बंधनकारक होतो, आणि केंद्राचं प्रोत्साहन त्या नोंदणीच्या दारातूनच मिळतं. पन्नासहून कमी माणसं असतील तर किमान दोन वाढीव माणसं घ्यावी लागतात. आठ जणांच्या शॉपला एकदम दोन माणसं म्हणजे चौथाई वाढ. राज्याच्या योजनेत उत्पादन क्षेत्रासाठी मनुष्यबळाच्या १० टक्क्यांची मर्यादा ठेवली गेली. आठाचे दहा टक्के काढून बघा, एक पुरा मुलगासुद्धा होत नाही. लहान उद्योगांचं नाव घेऊन केलेली योजना खरोखरच लहान असलेल्याच्या शटरपर्यंत येईतो संपते. उलट शाळा, पंचायती, सरकारी कचेऱ्या यांच्याकडं ही मुलं मोठ्या संख्येनं गेली. तिथं त्यांनी मन लावून काम केलं, आणि मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणत रस्त्यावर आली. त्यांचा राग मला समजतो. तिथं कायमची जागा मंजूर पदावर आणि भरतीच्या परीक्षेवर ठरते. मुलानं अकरा महिन्यांत किती चांगलं काम केलं, त्याचा तिच्याशी संबंध नसतो.

शॉपमध्ये तो संबंध असतो. काम वाढलं आणि हात शिकलेला असला तर मालक त्याला सोडत नाही. म्हणून काम वाढणं हीसुद्धा या योजनेचीच बाजू समजायला हवी. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. अस्पृश्याच्या हातचा चहा गावात कोण पिणार, हा खरा प्रश्न होता. महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. भांडवलाबरोबर त्यांनी गिऱ्हाईक दिलं. आज उद्यमनगरातल्या माणसाला गिऱ्हाईक आहे, पण पेमेंट वेळेवर येत नाही. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे देण्याला कमाल ४५ दिवसांची मुदत घातली. तरी मोठ्या कंपनीकडं तगादा लावला तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीनं मालक गप्प बसतो. अडकलेलं बिल सुटलं तर तो कुणाच्या अनुदानाशिवाय एक मुलगा ठेवू शकतो. महिन्याचे ३,००० रुपये त्या बिलापुढं काहीच नाहीत.

तरीही अनुदान द्यायचंच असेल, आणि द्यावंच असं मला वाटतं, तर त्यातला एक वाटा शिकवणाऱ्याचा असावा. पाच माणसांच्या शॉपलाही एक मुलगा घेता यावा. सहा महिन्यांनी मुलाच्या हाताची परीक्षा आयटीआयच्या निदेशकानं प्रत्यक्ष मशीनवर घ्यावी. तो पास झाला तर तो वाटा द्यावा, नाहीतर देऊ नये. आज ऑनलाइन अर्जात आस्थापनेचं नाव, जीएसटी क्रमांक, मुलाची पदवी, मुलाचं खातं इतकं सगळं भरावं लागतं. त्याखाली आणखी एक रकाना हवा: शिकवणारा कोण? त्यात लेथवर वीस वर्षं उभ्या असलेल्या मिस्त्रीचं नाव यावं, आणि पुढं त्याच्या खात्याचा नंबर.