प्रयोजन सरलेली वाट

जगाच्या निर्मितीला हेतू काय, हा प्रश्न कुमारिल भट्टांनी ज्या निष्ठुरपणे विचारला त्या निष्ठुरपणे तो फार थोड्यांनी विचारला असेल. श्लोकवार्तिकात त्यांनी ईश्वरवाद्यांना कोंडीत पकडले ते नेमके याच जागी. निर्हेतुक उद्योग तर अडाणी मनुष्यही अंगावर घेत नाही, मग ज्याला मिळवायचे म्हणून काही उरलेलेच नाही अशा ईश्वराने हा एवढा पसारा कशासाठी मांडावा? क्रीडेसाठी म्हणावे, तर ज्याला क्रीडेची गरज भासते तो कृतार्थ कसला; शिवाय इतक्या खटाटोपाच्या क्रीडेत सुखापेक्षा शीणच अधिक. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांतही हीच शंका पूर्वपक्ष म्हणून आलेली आहे, आणि सृष्टी ही केवळ लीला होय, असे तिचे उत्तर तेथे दिलेले आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी सर्व इच्छा पुऱ्या झालेल्या राजाच्या विहाराचा आणि आपल्या नित्याच्या श्वासोच्छ्वासाचा दृष्टांत योजिला.

पोथीतला हा वाद इंग्लंडातील एका कालव्याच्या काठाने सायकल चालविताना पुन्हा उकलून पाहावासा वाटला, असे म्हटले तर वाचकाला हसू येईल. परंतु ऑक्सफर्डचा कालवा हा विषयच असा आहे की, प्रयोजनाचा प्रश्न त्याच्या पाण्याबरोबर वळणे घेत चालतो. पार्लमेंटने १७६९ मध्ये कायदा करून या कालव्यास मान्यता दिली, १७७८ मध्ये तो बॅनबरीस पोचला आणि १७९० च्या आरंभी ऑक्सफर्डला. वॉरविकशायरच्या खाणींतला कोळसा दक्षिणेकडे स्वस्तात पोचावा, एवढाच त्यामागील हेतू होता आणि तो कंपनीच्या दप्तरात रुपये-आण्यांइतक्या स्पष्टपणे नोंदलेला होता. त्याचा पहिला स्थापत्यकार जेम्स ब्रिंडले याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, परमेश्वराने नद्या कशासाठी निर्माण केल्या असतील असे पार्लमेंटच्या समितीने विचारले तेव्हा, कालव्यांना पाणी पुरविण्यासाठी, असे उत्तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता दिले. सृष्टीच्या प्रयोजनाविषयी याहून निःशंक सिद्धांत मी कोणत्याही दर्शनात वाचलेला नाही.

ब्रिंडलेची रीत अशी की, टेकडी आडवी आली तर ती फोडण्याऐवजी किंवा लॉकांच्या, म्हणजे नाव वर-खाली नेणाऱ्या जलकोठड्यांच्या, पायऱ्यांनी चढण्याऐवजी एकाच उंचीची रेषा धरून तिला वळसा घालावा. खर्च वाचतो, पाणीही वाचते, आणि वेळ वाया जातो तो घोड्याचा. क्लेडनची पाच लॉके चढून गेल्यावर कालव्याचा जो सर्वांत उंच पट्टा लागतो तो मार्स्टन डोल्सपर्यंत सुमारे ११ मैल धावतो, आणि ही दोन गावे सरळ रेषेत पाहिली तर त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहेत. या पट्ट्यात वर्मलेटन नावाचे एक खेडे टेकडीवर बसलेले आहे. ते प्रथम उजव्या हाताला दिसते, मग समोर येते, मग मागे पडले असे वाटेपर्यंत पुन्हा दुसऱ्या बाजूने पुढ्यात उभे राहते. आपण पुढे चाललो आहोत की प्रदक्षिणा घालीत आहोत हे सांगता येऊ नये, असा हा प्रवास. टेकडीच्या पायथ्याशी कालव्यालगत जुन्या वर्मलेटनच्या घरांचे उंचवटे गवताखाली अजून ओळखू येतात. मेंढ्यांना कुरणे हवीत म्हणून १५ व्या शतकाच्या अखेरीस तेथील रयतेला उठवून लावण्यात आले. लोकरीचा भाव हे त्या कृत्याचे प्रयोजन. कालव्याचा उत्तरेकडील भाग स्पर्धेच्या धास्तीने १८३० च्या सुमारास सरळ करण्यात आला व तेथे सुमारे १४ मैलांची बचत झाली. दक्षिणेचा हा भाग मात्र वाकडाच राहिला, आणि तो तसा राहिला याबद्दल सायकलस्वाराने कंपनीच्या काटकसरीचे आभारच मानले पाहिजेत.

नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली ही काठाची वाट, जिला तिकडे टोपाथ म्हणतात, येथे बव्हंशी गवताळ आणि अरुंद आहे, एका बाजूला कुंपणाच्या काटेरी झुडपांनी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने बांधलेली. तीवरून वेगाने जाता येत नाही, आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी असा शिरस्ता असल्यामुळे जाऊही नये. नावांनाच मुळी ताशी ४ मैलांची मर्यादा आहे. एक घोडा पाण्यावरून २५-३० टन ओझे ओढीत असे, जे रस्त्यावर त्याला कदापि शक्य नव्हते. पुलांच्या कोपऱ्यांवर त्याच्या ओल्या दोरखंडाने घासून घासून पाडलेल्या खोल खाचा बोटाने चाचपून पाहता येतात. तो घोडा गेला, कोळसा गेला, १९४८ मध्ये कालवे सरकारजमा झाले, पुढे माल वाहणेही थांबले. ज्या हेतूने हे सारे उभारले तो हेतू संपल्यावर वस्तूनेही संपून जावे, हा तर्क सरळ दिसतो आणि अनेक कालव्यांच्या बाबतीत तो अमलातही आला, परंतु एल. टी. सी. रोल्ट यांचे नावेवरील पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले, दोन वर्षांनी कालवे राखण्यासाठी एक संघ निघाला, आणि पुढे शेकडो माणसांनी सुटीच्या दिवशी, बिनपगारी, कमरेपर्यंत चिखलात उभे राहून बुजलेले कालवे उपसले. कशासाठी, या प्रश्नाला त्यांच्यापाशी धड उत्तर नव्हते. कुमारिलांनी त्यांना अडाण्यांहूनही खाली बसविले असते. मला ते बादरायणांच्या पंक्तीला बसवावेसे वाटतात.

आता आमच्या स्वतःच्या विहाराविषयी. कॅम्परव्हॅन घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडणे ही विश्रांती आहे असे समजणाऱ्यांनी कुमारिलांचा दुसरा आक्षेप, खटाटोपाच्या क्रीडेचा, अवश्य विचारात घ्यावा. गाडी समतल उभी राहावी म्हणून चाकांखाली ठोकळे सारा, विजेची तार जोडा, गॅसचे नळकांडे तपासा, पिण्याचे पाणी भरा, सांडपाणी नेमून दिलेल्या जागीच ओता, आणि सकाळी प्रसन्न मुद्रेने शौचाची पेटी हातात घेऊन कुरणाच्या टोकापर्यंत चालत जा. घरी यांतले एकही काम कोणी सांगितले असते तर आमच्या घरात कलह माजला असता. तरीही हे सारे आनंदाने होते, कारण ते करणे भाग नसते. मागे फिरून घरी जाण्याची मुभा, ही आमच्या लीलेची खरी सनद आहे. शंकराचार्यांनी दृष्टांतासाठी भिकारी न निवडता राजा का निवडला, त्याचे मर्म मला येथे दिसते.

याच कालव्यावर चाकांऐवजी पाण्यावर चालणारी घरे होती, आणि ती विहारासाठी नव्हती. रेल्वेच्या स्पर्धेने वाहतुकीचे दर घसरले, नावाड्याला काठावरचे बिऱ्हाड परवडेना, तेव्हा त्याने बायकामुलांना नावेवर घेतले. त्यामुळे मजूर ठेवण्याचा खर्चही वाचला. सात फुटांच्या आत बसविलेल्या त्या अरुंद नावेच्या मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांबीची एक खोली, तीत चूल, तीत बिछाना, तीतच बाळंतपण. पोरे शाळेत जात नसत, कारण शाळा एका गावी राहते आणि नाव राहत नाही. घोड्यामागून मैलोगणती चालणे हे त्यांचे काम. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ यांनी या मुलांची दुरवस्था वेशीवर टांगली तेव्हा १८७७ मध्ये नावांची नोंदणी व खोलीत किती माणसांनी राहावे याचे नियम करणारा कायदा झाला, आणि १८८४ मध्ये तो अधिक कडक करावा लागला. सुबक रंगविलेल्या त्या खोल्यांची चित्रे आज चहाच्या पेल्यांवर छापून विकतात.

ब्रह्मसूत्रांची मांडणी किती सावध आहे ते येथे ध्यानात येते. सृष्टी लीला आहे असे म्हणून बादरायण तेथे थांबत नाहीत. लगेच पुढल्या सूत्रात त्यांना विषमतेच्या आणि निर्दयतेच्या आरोपाला उत्तर द्यावे लागते, कारण एकाची लीला म्हटली की दुसऱ्याचे दुःख कोणाच्या खाती मांडायचे, हे विचारले जाणारच. त्यांचे उत्तर, विषमता जीवांच्या कर्मानुसार आहे, हे ईश्वराला निर्दोष ठरविण्यास पुरेसे असेलही. परंतु घोड्यामागे चालणाऱ्या सात वर्षांच्या पोरीची कहाणी कंपनीच्या जमाखर्चात इतक्या उघडपणे वाचता येत असताना तिच्यासाठी पूर्वजन्मापर्यंत मागे जाण्याची गरज मला पटत नाही.

आणि हा आरोप इतिहासजमा झालेला नाही. घरांची भाडी आवाक्याबाहेर गेल्यामुळे नावेवर संसार थाटणारी माणसे आजही इंग्लंडच्या कालव्यांवर आहेत. ज्या नावेला बांधून राहण्याची स्वतःची कायम जागा नाही, ती १९९५ च्या कायद्यान्वये खरोखरच जलप्रवासासाठी वापरली जात आहे अशी खात्री पटवावी लागते, आणि एका ठिकाणी सामान्यतः १४ दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. म्हणजे हिंडण्याचे प्रयोजन सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर, ज्यांना हिंडायचे नसून राहायचे आहे. क्लेडनजवळ अशा एका नावेच्या छपरावर सरपण रचीत असलेल्या गृहस्थांनी, कुठवर निघालात, म्हणून आम्हांस सहज विचारले. कुठेच नाही, पुढल्या लॉकापासून परत, असे मी सांगितले. ते हसले, आणि त्यांनी खिशातून एक वही काढून दाखविली. तीत प्रत्येक मुक्कामाची तारीख आणि जवळच्या पुलाचा क्रमांक लिहिलेला होता, कारण परवाना नवा करण्याच्या वेळी कोणी हरकत घेतली तर हाच त्यांचा पुरावा होता.